पिवळा रंग का आला नाही?

प्रकल्पासाठी वनस्पती निवडायची होती तेव्हा मी जांभळाच्या बिया घेतल्या. मधुमेहावर ही पूड घेण्याची पद्धत जुनी आहे, हे कारण प्रस्तावात लिहिलं. त्याहून मोठं कारण म्हणजे बिया भरपूर मिळतात. वनस्पतीतून औषधी घटक वेगळा काढायच्या कामात माल अफाट लागतो. किलोभर सुक्या बियांपासून सुरुवात करा, शेवटी एखादा शुद्ध घटक हातात येतो तो मिलिग्रॅममध्ये, तोही नशीब असेल तर. दुर्मीळ झुडूप घेऊन बसलं की अर्ध्या वाटेत माल संपतो आणि पुढच्या हंगामाची वाट बघत बसावं लागतं.

प्रश्न साधा ठेवला होता. लहान आतड्यात अल्फा-ग्लुकोसिडेज नावाची एन्झाइम्स असतात. पिष्टमय पदार्थांच्या पचनाच्या शेवटच्या टप्प्यात ती माल्टोजसारख्या साखरेचे तुकडे करून ग्लुकोज मोकळं करतात. ती अडवली तर जेवणानंतर रक्तातली साखर सावकाश चढते. अकार्बोज हे औषध याच मार्गाने चालतं, आणि ते एका जिवाणूपासून मिळालेलं आहे. मग बियांच्या अर्कातलं काही असं अडवतं का, आणि अडवत असेल तर नेमकं कोण, एवढंच बघायचं होतं.

आधी ओळख पटवणं. फक्त बियांच्या ढिगावरून कोणी वनस्पतिशास्त्रज्ञ सही करत नाही. पानं आणि फुलोरा असलेली फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, द्यावी लागते. तिथे तिला सिझिजियम क्युमिनाय म्हणून क्रमांक मिळाला. कंटाळवाणं काम आहे, पण हा क्रमांक नसेल तर पुढचे सगळे आकडे कुठल्या झाडाचे, हे कोणालाच सांगता येत नाही. बिया सावलीत वाळवल्या, दळल्या, चाळल्या. दळताना कळलं की जांभळाची बी दिसते तेवढी गरीब नाही. मिक्सरचं पातं दोनदा बदलावं लागलं.

पहिला अर्क सॉक्सलेटवर काढायचं ठरलं होतं, कारण लॅबमध्ये सगळे तोच लावतात. खालच्या फ्लास्कमध्ये द्रावक उकळतं, वाफ वर जाते, कंडेन्सरमध्ये थंड होऊन थेंबाथेंबाने पुडीवर पडते. मधल्या नळीत पातळी चढत चढत सायफनच्या वाकापर्यंत आली की एकदम ‘गट्’ आवाज होऊन सगळं खाली रिकामं होतं आणि फेरी पुन्हा सुरू. पहिल्या फेऱ्यांना उतरणारा रंग गडद, मग फिका, मग जवळजवळ पाण्यासारखा. बघायला छान वाटतं आणि आपण खूप काम करतोय असा भासही होतो.

माझ्या मार्गदर्शक मॅडम येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “वरचं द्रावक दर फेरीला ताजं असतं, मान्य. पण निघालेला माल कुठे आहे?”

“खाली, फ्लास्कमध्ये.”

“आणि फ्लास्क काय करतोय?”

फ्लास्क उकळत होता. म्हणजे पहिल्या फेरीत निघालेलं सगळं शेवटच्या फेरीपर्यंत उकळत राहणार. जांभळाच्या बियांत टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरटपणा आणणारं द्रव्य, भरपूर, आणि त्यातलं बरंचसं पाण्याने तुटणाऱ्या जातीचं. गरम मिथेनॉलमध्ये ते तासन्‌तास ठेवलं तर गॅलिक आम्लाचे तुकडे सुटून त्यांचा मिथाइल एस्टर बनू शकतो. मग आपण मोठ्या आनंदाने लिहितो, ‘बियांमध्ये मिथाइल गॅलेट आढळलं’. बियांमध्ये ते नसेलही. ते आपल्या फ्लास्कमध्ये जन्माला आलेलं असेल. उष्णतेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आर्टेमिसिनिनचं आहे. चीनमध्ये तू योयो यांच्या गटाला उकळून काढलेल्या अर्कातून हिवतापावर धड परिणाम मिळत नव्हता. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात ती वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलं होतं, त्यावरून त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरलं आणि 1972 मध्ये तो घटक वेगळा झाला. 2015 चं नोबेल त्यालाच. आम्ही सॉक्सलेट उतरवला आणि सत्तर टक्के ॲसिटोनमध्ये बियांची पूड थंडच भिजत घातली, रोज हलवून, गाळून, पुन्हा नवं द्रावक. यात ‘गट्’ आवाज नाही, काही बघण्यासारखंही नाही.

रोटाव्हेपरवर, म्हणजे कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, ॲसिटोन पटकन उडतं. मागे राहिलेलं पाणी मात्र अंत बघतं. बाथ चाळीस अंशांच्या वर न्यायचा नाही असं ठरवलेलं, त्यामुळे व्हॅक्यूम वाढवायचा मोह होतो, आणि वाढवला की फेस उसळून थेट कंडेन्सरकडे निघतो. शेवटचं पाणी फ्रीझ ड्रायरवर काढलं. हाताला लागली फिकट तपकिरी, भुसभुशीत पूड, हवेतला ओलावा शोषायला टपलेली. वजन करायला उशीर झाला तर आकडा डोळ्यांसमोर वाढतो.

त्यानंतर परीक्षानळ्यांचा दिवस. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले, निळसर काळा रंग आला, टॅनिन. जिलेटिनच्या द्रावणात टाकलं, पांढुरका गढूळ साका बसला, पुन्हा टॅनिन. मॅग्नेशियमचा तुकडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, अगदी हलकी गुलाबी छटा, फ्लेव्होनॉइड नावाची वनस्पतींतली रंगद्रव्यं असावीत. अल्कलॉइड (नायट्रोजन असलेली वनस्पतिद्रव्यं) ओळखायच्या मेयरच्या द्रावणाने किंचित साका दिला म्हणून मी अल्कलॉइडसमोर अधिक चिन्ह मांडलं होतं. त्यासाठीच्याच दुसऱ्या, ड्रॅगेनडॉर्फच्या द्रावणाने काहीच नारिंगी दिलं नाही, तेव्हा तिथे प्रश्नचिन्ह आलं. मेयरला प्रथिनंसुद्धा साका देतात.

या तक्त्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. अधिक-उणे चिन्हांचा असा तक्ता शेकडो शोधनिबंधांत असतो, आणि बहुतेक वेळा तोच शेवटचा निष्कर्षही असतो. अल्कलॉइड आहेत, फ्लेव्होनॉइड आहेत, म्हणून वनस्पती औषधी आहे. पण ही कुटुंबांची नावं झाली. मॉर्फीन अल्कलॉइड, निकोटीन अल्कलॉइड, स्ट्रिक्नीनही अल्कलॉइडच. तरी नळ्यांनी एक गोष्ट ओरडून सांगितली होती: या अर्कात टॅनिन इतकं आहे की बाकी सगळं त्याच्या आड उभं आहे. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. त्याचं खरं वजन नंतर कळलं.

डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंट गुण मोजणारी चाचणीही केली, कारण ती सगळेच करतात. जांभळं द्रावण, अर्क टाकला की पिवळं पडतं, 517 नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. अर्क अर्थातच जोरदार ‘अँटिऑक्सिडंट’ निघाला. टॅनिनसारखे फिनॉल असलेला कुठलाही अर्क निघतो. यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखं नाही.

एन्झाइमची चाचणी मात्र मला मनापासून आवडली. यीस्टमधून काढलेलं अल्फा-ग्लुकोसिडेज विकत मिळतं. त्याला पीएनपीजी नावाचं एक बनावट खाद्य द्यायचं. एन्झाइमने त्याचा तुकडा पाडला की नायट्रोफिनॉल सुटतं, शेवटी सोडियम कार्बोनेट टाकलं की काम थांबतं आणि द्रावण लखलखीत पिवळं होतं. 405 नॅनोमीटरला मोजायचं. जितकं पिवळं, तितकं एन्झाइम काम करतंय. अर्क घातलेल्या खाचेत पिवळं कमी आलं, तर अर्काने त्याला अडवलं.

शहाण्णव खाचांची प्लेट. डावीकडे नुसतं एन्झाइम, पिवळंधमक. त्याच्या शेजारी अकार्बोजच्या चढत्या मात्रा. मग माझा अर्क. अर्क स्वतः तपकिरी असल्यामुळे प्रत्येक मात्रेसाठी एन्झाइम न घातलेली वेगळी ब्लँक ठेवावी लागते, नाहीतर अर्काचाच रंग रीडिंगमध्ये मिसळतो. वेळ झाली, कार्बोनेट टाकलं, आणि माझ्या रांगेत पिवळं आलंच नाही. सगळ्यात कमी मात्रेला थोडी छटा, त्यापुढे काही नाही. अकार्बोजच्या रांगेत मात्र बऱ्यापैकी पिवळं होतं. म्हणजे माझा कच्चा अर्क बाजारातल्या औषधापेक्षा कितीतरी भारी!

लॅबमधल्या ताईने प्लेट उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाली, “पेपर तयार आहे तुझा.” ती चेष्टा करत होती, हे मला जरा उशिरा समजलं. तिच्या वेळीही असंच झालं होतं.

अकार्बोजची गोष्ट अशी आहे की ते आतड्यातल्या एन्झाइमवर तेज चालतं, यीस्टच्या एन्झाइमवर फारच मंद. दोघांचं नाव एक, पण बांधणी वेगळी. ती एन्झाइमच्या दोन निराळ्या घराण्यांतली आहेत. यीस्टचं स्वस्त आणि टिकाऊ म्हणून सगळे तेच वापरतात आणि मग ‘अकार्बोजपेक्षा प्रभावी’ असे निष्कर्ष सर्रास छापून येतात. पहिलवानाला पोहायला लावून हरवल्यासारखं आहे हे. तुलना करायची तर निदान उंदराच्या आतड्यातल्या एन्झाइमवर करायला हवी.

दुसरा प्रश्न त्याहून टोकदार होता. मॅडमनी विचारलं, “पिवळा रंग आला नाही. का आला नाही, याची तुझ्याकडे किती कारणं आहेत?”

माझ्याकडे एकच होतं. त्यांनी कागदावर आणखी लिहून दिली. अर्कात एन्झाइमच्या नेमक्या जागी बसणारा रेणू असेल. किंवा टॅनिन एन्झाइमला सरसकट चिकटून त्याचा गोळा करत असेल, जसं ते जिलेटिनचा करतं. चामडं कमावतात तेही याच गुणावर. किंवा अर्कातले काही रेणू पाण्यात एकमेकांना धरून सूक्ष्म गुठळ्या करत असतील आणि त्या गुठळ्यांवर एन्झाइम अडकत असेल. चारही वेळा प्लेट सारखीच दिसेल, असं त्या म्हणाल्या. चौथं कारण कोणतं, ते मला त्या दिवशी सांगितलं नाही.

मी आधी अर्काचे भाग करून बघितले. विभाजन नरसाळ्यात पाणी आणि हेक्झेन, मग इथाइल ॲसिटेट, मग ब्युटेनॉल. इथाइल ॲसिटेटच्या वेळी मधे जो फेसाळ थर बसला तो रात्रभर हलला नाही. मिठाचं पाणी घालून कसाबसा मोडला. ब्युटेनॉल 117 अंशांना उकळतं, त्यामुळे रोटाव्हेपरवर ते उडवणं म्हणजे शिक्षा. हे सगळं करून काय मिळालं? हेक्झेनचा भाग सोडला तर एन्झाइम अडवण्याचा गुण सगळीकडे. इथाइल ॲसिटेटमध्ये आहे, ब्युटेनॉलमध्ये आहे, उरलेल्या पाण्यातही आहे. एखादा ठरावीक रेणू काम करत असेल तर तो एका भागात गोळा व्हायला हवा आणि तिथे गुण वाढायला हवा. इथे तो पसरला होता, आणि प्रत्येक भागातलं टॅनिन मोजलं तेव्हा गुणाची उतरंड आणि टॅनिनची उतरंड एकच निघाली.

मग खरी कसोटी. त्याच प्लेटमध्ये गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन भरपूर घातलं. कल्पना सोपी: टॅनिनला नुसतं चिकटायलाच हवं असेल तर समोर ढिगाने दुसरं प्रथिन आहे, तिकडे जाईल आणि एन्झाइम मोकळं राहील. एन्झाइमच्या नेमक्या जागी बसणाऱ्या रेणूला अल्ब्युमिनचं एवढं अप्रूप नसावं. दुसऱ्या रांगेत ट्रायटन हे डिटर्जंट अगदी थोडं, गुठळ्या असल्या तर फुटाव्यात म्हणून. तिसऱ्या रांगेत पीव्हीपीपी नावाच्या, पाण्यात न विरघळणाऱ्या पुडीतून गाळलेला अर्क. ती पूड टॅनिन धरून ठेवते.

कार्बोनेट टाकल्यावर अल्ब्युमिनची रांग पिवळी झाली. जवळजवळ नुसत्या एन्झाइमइतकी. गाळलेल्या अर्काची रांगही बरीच पिवळी. ट्रायटनच्या रांगेत फारसा फरक नाही, म्हणजे गुठळ्यांचं प्रकरण नव्हतं. माझा भारी अर्क बहुतांशी टॅनिनचा खेळ होता.

वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या प्लेटकडे बघताना पहिल्यांदा मला काहीतरी ‘कळलं’ होतं. आधीच्या प्लेटने फक्त खूश केलं होतं. आणि गाळलेल्या रांगेत पिवळं बरंच होतं, पूर्ण नव्हतं. थोडा अडथळा शिल्लक होता. पीव्हीपीपीची चाळणी आंधळी असते, टॅनिनसोबत लहान फिनॉलही ओढून घेते, त्यामुळे जे उरलं ते कमीच दिसत असणार. तेवढ्यावर पुढचं काम चाललं.

इथाइल ॲसिटेटचा भाग सेफाडेक्सच्या, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या बारीक मण्यांच्या, कॉलमवर चढवला. मिथेनॉल थेंबथेंब सोडायचं, नळ्या बदलत राहायच्या. मोठं टॅनिन कॉलममध्ये मागे राहतं, लहान रेणू आधी उतरतात. दर काही नळ्यांनी टीएलसी प्लेटवर, म्हणजे सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर, ठिपका द्यायचा, अतिनील दिव्याखाली 254 नॅनोमीटरला काळे डाग आणि 366 ला चमकणारे डाग पेन्सिलने गोल करायचे. सारख्या दिसणाऱ्या नळ्या एकत्र. फिनॉल सिलिकावर शेपूट सोडतात, म्हणून द्रावकात फॉर्मिक आम्लाचा थेंब. मग डाग गोल उठतात. एका गटात जवळजवळ एकच डाग राहिला आणि अल्ब्युमिन घालूनही त्याचा एन्झाइमवरचा परिणाम टिकला. सौम्य, पण टिकला.

तो कोण, हे ठरवताना रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरने छान चकवा दिला. ऋण आयनांमध्ये मोठं शिखर 301 ला. संदर्भ धुंडाळले तर 301 म्हणजे क्वेर्सेटिन, फ्लेव्होनॉइडमधलं सगळ्यात परिचित नाव. आणि 301 म्हणजे एलॅजिक आम्लसुद्धा. दोघांचं रेणुवस्तुमान 302, एक हायड्रोजन गेला की 301. बरं, अतिनील वर्णपटावरून वेगळे करावे तर दोघांचेही उंचवटे 254 आणि 368 च्या आसपासच. शेवटी जास्त सूक्ष्म मोजणाऱ्या यंत्रावर नमुना दिला. एलॅजिक आम्लाचा आयन 300.999 ला यायला हवा, क्वेर्सेटिनचा 301.035 ला. फरक एका एककाच्या तिसाव्या हिश्शाहून जेमतेम मोठा. आमचा 300.999 होता. मग बाजारातून आणलेलं शुद्ध एलॅजिक आम्ल आमच्या नमुन्यात मिसळून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवलं. शिखराला खांदा फुटला नाही, तेच शिखर उंच झालं. तेव्हाच नाव लिहिलं. जांभळाच्या बियांत एलॅजिक आम्ल असतं हे आधीपासून माहीत आहे, त्यामुळे नवं काही सापडलं नव्हतं.

मग उंदराच्या आतड्यातलं एन्झाइम. इथे खाद्य माल्टोज, आणि सुटलेलं ग्लुकोज रक्तचाचणीत वापरतात त्याच किटने मोजायचं. ग्लुकोज ऑक्सिडेज त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, पेरॉक्साइडपासून गुलाबी रंग. पहिल्याच फेरीत कच्च्या अर्काच्या नळीत गुलाबी रंग फारच फिका आला. मी मॅडमकडे गेले तर त्या हसल्या. “हे चौथं कारण.” अर्क भरपूर अँटिऑक्सिडंट आहे, हे मीच डीपीपीएचने सिद्ध केलं होतं. तोच अर्क पेरॉक्साइड खाऊन टाकतो, मग गुलाबी येणार कुठून? एन्झाइम अडलं म्हणून नाही, मोजणारी क्रियाच अडली म्हणून. तपासायचा मार्ग सोपा: माहीत असलेलं ग्लुकोज घ्या, त्यात अर्क घाला, एन्झाइम घालूच नका, आणि मोजा. घातलं तेवढं ग्लुकोज दिसलं नाही. त्यानंतर प्रत्येक मात्रेसाठी ही वेगळी नळी ठेवली आणि आकडे तिने दुरुस्त केले. दुरुस्तीनंतर कच्च्या अर्काचा गुण निम्म्याहून खाली आला. इथे अकार्बोजच्या नळ्या मात्र अगदी कमी मात्रेलाही जवळपास रंगहीन राहिल्या, त्या औषधाला शोभेल अशा.

याचा अर्थ जांभळाच्या बियांत काही नाही, असा नाही. आम्ही एक दरवाजा ठोठावला, औषधं भलत्याच दारातूनही आलेली आहेत. 1950 च्या दशकात कॅनडात सदाफुलीच्या पानांचा अर्क मधुमेहासाठीच तपासला होता. साखरेवर काही परिणाम दिसला नाही, पण प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्या धाग्यावरून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं. शिवाय एलॅजिक आम्ल आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि तिथले जिवाणू त्याचं युरोलिथिन करतात, म्हणजे पोटात गेल्यावर जे काम करेल ते आमच्या खाचेतलं नसणारच. आतड्यातच काम करायचं असेल तर न शोषलं जाणं उलट सोयीचंही ठरेल. हे प्लेटवर कळत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रबंध उलटसुलट चाळला आणि विचारलं, “मग बियांची पूड घ्यावी की नाही?”

मी म्हटलं, “सर, ते मी तपासलेलं नाही. कच्च्या अर्काचा यीस्टच्या एन्झाइमवरचा परिणाम बहुतेक टॅनिनचा होता, एवढं दाखवता येतं. रुग्णाने चालू गोळी सोडावी असं तर यातून काहीच निघत नाही.”

“मग प्रबंधाच्या नावात ‘मधुमेहरोधी’ का आहे?”

नाव प्रस्तावाच्या वेळी नोंदलेलं होतं. सरांनी ते बदलून आणायला सांगितलं. ‘मधुमेहरोधी गुणधर्म’ खोडून तिथे ‘अल्फा-ग्लुकोसिडेजवरील परिणाम व त्यातील टॅनिनचा वाटा’ असं लिहिलं, मॅडमची सही घेतली आणि कव्हर पुन्हा छापायला दिलं.